सान हुआनच्या तटबंदीत तीन रात्री: आईबाबांना घेऊन केलेली ट्रिप

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा आणि वसईहून आलेले माझे आईबाबा, पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या सान हुआनला तीन रात्री राहून आलो. न्यू जर्सीत एडिसनला घरी परत आल्यापासून ग्रुपवर निदान सात-आठ जणांनी तेच तेच विचारलंय, की तिथे बीच सोडून काय आहे, सत्तरीच्या माणसांना झेपतं का, व्हेज मिळतं का, व्हिसाचं काय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

व्हिसाचं आधी सांगते. पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेकडे आहे, त्यामुळे नेवार्कहून जाणारं विमान डोमेस्टिकच, साधारण चार तास लागतात, इमिग्रेशनची लाईन नाही, डॉलर चालतात. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्यांचे पासपोर्ट आणि आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट मी पर्समध्ये ठेवली होती, तुम्हीही ठेवा. उन्हाळ्यात न्यू जर्सीचं आणि त्यांचं घड्याळ एकच असतं, थंडीत ते एक तास पुढे असतात.

आता राहायचं कुठे. माझं मत अगदी ठाम आहे, जुन्या शहराच्या भिंतीच्या आतच राहा. बहुतेक लोक काँदादोच्या बीचवर मोठं हॉटेल घेतात आणि अर्धा दिवस जुन्या शहरात फोटो काढून परत जातात, आणि मग म्हणतात की छान आहे पण छोटंसं आहे. जुनं सान हुआन एका छोट्या बेटावर आहे, १५२१ मध्ये वस्ती इथे हलवली तेव्हापासून माणसं सलग राहतायत, आणि सकाळी सात वाजता किंवा क्रूझची जहाजं निघून गेल्यावर रात्री तिथे जे वाटतं ते दुपारी बारा वाजता कळूच शकत नाही. दुपारी एकेका जहाजातून हजारो माणसं उतरतात, फोर्तालेसा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तेवढा वेळ आम्ही सरळ खोलीवर येऊन झोप काढायचो.

गेस्ट हाऊसचं नाव घेत नाही कारण माणसं फार प्रेमळ होती, पण एक गोष्ट चुकली ती सांगायलाच हवी. बुकिंग करताना मी दोनदा लिहून विचारलं होतं की वडिलांचे गुडघे दुखतात, तळमजल्यावर खोली द्या, हो म्हणाले, आणि गेल्यावर हातात तिसऱ्या मजल्याची किल्ली. लिफ्ट नाही. जुन्या वाड्यासारखी घरं आहेत ही, मध्ये चौक, भोवती गॅलरी, उंच उंच लाकडी दारं आणि जिना असा खडा की आपल्या माडीवर जायच्या जिन्याची आठवण यावी. तासभर बोलाचाली करून शेवटी आईबाबांना खाली चौकाच्या बाजूची खोली मिळाली. तर ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांनी ईमेलवर विसंबून राहू नका, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून खोलीचा नंबर विचारा.

रस्त्यांबद्दल एक सांगायचंय. जुन्या शहरातले बरेचसे रस्ते निळसर विटांचे आहेत, आदोकीनेस म्हणतात त्यांना, लोखंडाच्या भट्टीत जी मळी उरते ती साच्यात ओतून केलेल्या. पहिल्या दिवशी मला त्या करड्या वाटल्या, एवढं काय कौतुक असं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मिनिटांची सर येऊन गेली आणि ऊन पडलं, तर सगळा रस्ता निळा. काही विटांवर जांभळी झाक, काहींवर अगदी काचेसारखी चकाकी, कडा झिजून गोल झालेल्या आणि फटींमध्ये बारीक हिरवं गवत. आई खाली वाकून हात लावून बघत होती. पण ओल्या झाल्या की त्या भयंकर निसरड्या होतात, चपला नकोत, ग्रिप असलेले बूटच घाला.

आता मुख्य गोष्ट, किल्ले. मी वसईची आहे, लहानपणी दर रविवारी बाबा आम्हाला किल्ल्यात घेऊन जायचे, त्यामुळे या भागावर मी जास्त लिहिणार, ज्यांना किल्ल्यांची आवड नाही त्यांनी सरळ खाण्यापिण्याच्या भागावर जावं.

दोन मोठे किल्ले आहेत, समुद्राच्या तोंडावरचा एल मोरो आणि जमिनीच्या बाजूचा सान क्रिस्तोबाल. दोन्ही अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत, दहा डॉलरच्या एका तिकिटात दोन्ही बघता येतात, तिकीट चोवीस तास चालतं. एकाच दिवसात दोन्ही उरकू नका प्लीज. आम्ही पहिल्या दिवशी दुपारी सान क्रिस्तोबाल केला आणि त्याच तिकिटावर दुसऱ्या दिवशी सकाळी एल मोरो, गुडघ्यांनाही बरं पडलं. संध्याकाळी लवकर बंद करतात, त्यामुळे चार वाजता जाऊन पोचू नका.

हे एवढं मोठं काम इथे का केलं ते तिथे उभं राहिल्यावर लगेच कळतं. युरोपातून वाऱ्याबरोबर येणाऱ्या गलबतांना वाटेत लागणारं हे पहिलं मोठं बेट ज्याच्यापाशी गोडं पाणीही आहे आणि चांगलं बंदरही. मेक्सिको आणि पेरूची चांदी ज्या समुद्रातून स्पेनला जायची त्याचा हा दरवाजाच म्हणा ना. ज्याच्याकडे सान हुआन त्याचा वाटेवर पहारा. म्हणून किल्ल्यांचा खर्चसुद्धा मेक्सिकोहून येणाऱ्या पैशातून चालायचा, आणि दगड वाहायला गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकन माणसं, कैदी आणि शिपाई.

एल मोरोचं काम सुरू झालं १५३९ मध्ये. हे पाटीवर वाचलं आणि बाबा तिथेच थांबले. म्हणाले, "अगं, वसई पोर्तुगीजांना मिळाली चौतीस साली, म्हणजे पाचच वर्षांचा फरक." आणि मग त्यांना किल्ल्याच्या पूर्ण नावाचा अर्थ विचारायचा होता, कास्तियो सान फेलिपे देल मोरो, हे फेलिपे कोण. रेंजरबाईंनी सांगितलं की स्पेनचा राजा दुसरा फिलिप, त्याच्या मानार्थ हे नाव. आता हाच फिलिप १५८० नंतर पोर्तुगालचाही राजा झाला, १६४० पर्यंत दोन्ही देशांना एकच राजा होता, म्हणजे त्या साठ वर्षांत आमची वसई आणि हे सान हुआन एकाच राजाच्या दोन टोकांच्या चौक्या. बाबांनी हे इतक्या आनंदाने त्या बाईंना मोडक्या इंग्रजीत सांगितलं, चिमाजी आप्पा आणि १७३९ पर्यंत गाडी नेली, आणि त्याही शांतपणे सगळं ऐकत होत्या, वहीत वसईचं नाव लिहून घेतलं. मला तो प्रसंग जन्मभर लक्षात राहील.

किल्ल्यापर्यंत जायला मोठं मोकळं मैदान ओलांडावं लागतं, वाटेवर सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी न्याच. त्या मैदानावर वारा असा भणाणतो की सगळं शहर पतंग घेऊन येतं, चिरिंगा म्हणतात ते पतंगाला, मांजाबिंजा नाही, काटाकाटी नाही, नुसता उडवायचा. आत गेल्यावर सहा पातळ्या आहेत, वरच्या चौकातून खालच्या तोफांच्या माचीकडे एक उतार जातो, तोफा ओढायला केलेला, तो फार खडा आहे. बाबा अर्ध्यावर बसले, मी आणि नवरा खाली जाऊन आलो. खालून बघितलं तर कळतं की तोफा एकावर एक किती थरांत लावल्या होत्या. १५९५ मध्ये फ्रान्सिस ड्रेक इथे चालून आला तेव्हा इथला गोळा थेट त्याच्या जहाजाच्या केबिनमध्ये घुसला होता, ड्रेक वाचला पण त्याला परत फिरावं लागलं.

पण गंमत अशी की समुद्राकडून न पडलेला हा किल्ला तीनच वर्षांनी जमिनीकडून पडला. १५९८ मध्ये कंबरलंडचा अर्ल फौज बेटावर उतरवून मागच्या बाजूने आला आणि त्याने एल मोरो घेतलासुद्धा. त्याला हाकललं कोणी, तर हगवणीने, इतके सैनिक आजारी पडले की त्याला शहर सोडून जावं लागलं. १६२५ ला डच आले, शहर जाळून गेले, पण किल्ला त्यांना मिळाला नाही.

म्हणून मग दुसऱ्या टोकाला सान क्रिस्तोबाल. १७६२ मध्ये इंग्रजांनी हवाना घेतलं आणि स्पेनच्या राजाची झोप उडाली, त्यानंतर १७६५ पासून पुढची अठरा-एकोणीस वर्षं याचं मोठं काम झालं, त्यातला मुख्य इंजिनियर ओ'डेली नावाचा, मूळचा आयर्लंडचा, स्पेनच्या नोकरीत. स्पॅनिश लोकांनी अमेरिका खंडात बांधलेला हा सगळ्यात मोठा किल्ला, सत्तावीस एकरांचा. याची रचना मला एल मोरोपेक्षा जास्त आवडली. एक भिंत घेतलीत तरी मागे तिच्याहून उंच भिंत, तिच्यावरून तुमच्यावर मारा, मध्ये कोरडा खंदक, तो ओलांडलात तर परत पुढे भिंत. विजयदुर्गची तिहेरी तटबंदी ज्यांनी पाहिलीय त्यांना लगेच कळेल. १७९७ मध्ये इंग्रज हजारोंची फौज घेऊन आले आणि पूर्वेच्या बाजूला अडकून दोन आठवड्यांत परत गेले.

आणि पाणी! मधल्या चौकाला उतार दिलाय, पावसाचं सगळं पाणी चौकाखालच्या पाच मोठ्या टाक्यांत जातं. त्यातल्या एका टाक्यात उतरून बघता येतं. आत गारवा, कमानदार छत, भिंतीचा चुना अजून गुळगुळीत. बाबांनी तळवा टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, आपल्याकडेही असाच होता चुना. मी काही बोलले नाही. वसईच्या तटात पिंपळाची मुळं किती आत गेलीयत ते आम्ही दोघांनी पाहिलंय. इथे त्याच दिवशी बाहेरच्या भिंतीवर दोन कामगार परातीत चुना कालवून फटी भरत होते, सिमेंट नाही, चुनाच, आणि एवढ्या हळुवारपणे थापी फिरवत होते की मला तिथून हलावंसं वाटेना. दहा डॉलर कुठे जातात ते डोळ्यांनी दिसलं.

सान क्रिस्तोबालच्या भुयारात एक अंधारकोठडी आहे, तिथे भिंतीवर कुण्या कैद्याने जहाजं काढलीयत, शिडं, दोर, डोलकाठ्या सगळं बारकाईनं. टॉर्च न्या, आणि भिंतीला हात लावू नका. समुद्राकडे पुढे आलेली एक एकटी चौकी आहे, तिला सैतानाची चौकी म्हणतात, पहारेकरी नाहीसे व्हायचे अशी गोष्ट सांगतात. अशा चौक्या, गारिता, सगळ्या तटावर आहेत, गोल घुमटीसारख्या, आणि पोर्तो रिकोच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरही तेच चित्र दिसतं. १९६१ पर्यंत इथे अमेरिकन सैन्य होतं, एल मोरोच्या माथ्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या काँक्रीटच्या टेहळणीच्या खोल्या अजून आहेत, त्या जरा डोळ्यांना खुपतात, पण त्याही इतिहासातल्याच. १९८३ पासून हे सगळं युनेस्कोच्या यादीत आहे.

आता खाणंपिणं, कारण खरे प्रश्न त्याचेच आले होते.

आई पूर्ण शाकाहारी. मोफोंगो म्हणून तिथला प्रकार आहे, हिरवी केळी तळून लाकडी खलबत्त्यात लसूण घालून कुटतात आणि वाटीसारखा गोळा करतात, चवीला एकदम भारी, पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या चामडीचे तळलेले तुकडे असतात. त्याशिवाय करून देतात, फक्त आधी सांगा. भाताच्या बाबतीत मात्र आमची फसगत झाली. एका जेवणाच्या ठिकाणी मी व्हेजिटेरियन, नो मीट असं तीनदा सांगितलं, तो हो हो म्हणाला, आणि भातात हॅमचे बारीक तुकडे निघाले. आईने दोन घास खाल्ले होते. ती काहीच बोलली नाही, पाणी प्यायली आणि ताट बाजूला सरकवलं, मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. नंतर गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंनी सांगितलं की तिथे 'कार्ने' म्हटलं की कितीतरी जणांच्या डोळ्यांसमोर बीफ किंवा मांसाचे मोठे तुकडे येतात, हॅम त्यात धरतच नाहीत. तर हे पाठ करून जा: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पोयो. मांस नको, हॅम नको, कोंबडी नको. एवढं म्हटल्यावर पुढे एकदाही चूक झाली नाही.

आणि त्याच बाईंनी दुसऱ्या दिवशी आईसाठी मुद्दाम वेगळा भात केला, आर्रोस कोन गांदुलेस. आईने एक दाणा बोटांत धरला, चिरडून बघितला, आणि ओरडलीच, "अगं, ही तर तूर!" खरंच तूर. आपले ओले तुरीचे दाणे, भातात, वर थोडं ऑलिव्ह आणि ढोबळी मिरची. ख्रिसमसला तर हा भात हवाच म्हणे तिथे. दोघी बायकांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पुढचा अर्धा तास आईने हातवारे करून त्यांना शेंगा सोलून आमटी कशी करायची ते सांगितलं आणि त्यांनी आपलं लसूण, कोथिंबीर, मिरचीचं वाटण, सोफ्रितो, वाटीत काढून दाखवलं.

बाबा मासे खातात, त्यांची चंगळ होती. सकाळी मायोर्का नावाचा गोड पाव, चक्रासारखा गुंडाळलेला, लोणी लावून भाजलेला, वर पिठीसाखर, आणि त्याच्याबरोबर दुधाची कॉफी. कॉफी तिथल्याच डोंगरातली, न्यू जर्सीत मी जी पिते त्यापेक्षा कितीतरी सरस. पिन्या कोलादाचा शोध आम्हीच लावला असं तिथे दोन-तीन जागा सांगतात, कुणी १९५४ म्हणतं, कुणी १९६३, रम न घालताही मिळतो, आईला आवडला.

पण सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पिरागुआ. आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडीऐवजी कागदाच्या कोनात. रंगीत छत्रीची हातगाडी, त्यावर बर्फाची अख्खी लादी, तो माणूस लोखंडी खरवडणीने लादी खरवडतो, कोनात भरतो, वर पिरॅमिडसारखं टोक काढतो आणि बाटलीतलं सरबत ओततो. बाबांनी चिंचेचा घेतला, तामारिंदो. पहिला घोट ओढला आणि डोळे मिटले. म्हणाले वसई स्टेशनबाहेरचा गोळेवाला आठवला. रोज संध्याकाळी एक व्हायचाच मग.

बाकी पटापट सांगते. कॅथेड्रलमध्ये पोन्से दे लेओनची संगमरवरी समाधी आहे, बेटाचा पहिला गव्हर्नर, ज्याच्या काळात मूळच्या ताईनो लोकांचं सोन्यापायी वाटोळं झालं, त्याबद्दल तिथे जास्त लिहिलेलं असायला हवं होतं. बाय्याहाच्या जुन्या बराकीतलं अमेरिका खंडाच्या लोककलेचं संग्रहालय जरूर करा, मुखवटे बघत राहावेत असे आहेत. सान होसे चर्च १५३२ मध्ये सुरू केलेलं, कितीतरी वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२१ मध्ये उघडलं, आतल्या कमानी बघून मान दुखते. आणि तटाजवळ मशाली घेतलेल्या बायकांचा एक पुतळा आहे, ला रोगातिवा, १७९७ च्या वेढ्यात बिशपबरोबर प्रार्थना करत बायका रात्री मशाली घेऊन निघाल्या आणि इंग्रजांना वाटलं कुमक आली, अशी कथा आहे. आई तिथे हात जोडून उभी राहिली.

दुसऱ्या रात्री लाईट गेली. तिथे हे नेहमीचंच आहे म्हणे, २०१७ च्या मारिया वादळानंतर वीज पूर्ण सुधारलीच नाही असं सगळे सांगतात. गेस्ट हाऊसचा जनरेटर खोल्यांच्या एसीला पुरत नव्हता, उकडायला लागलं, ज्यांना एसीशिवाय झोप येत नाही त्यांनी याचा विचार करून जावं. आम्ही खुर्च्या घेऊन चौकात बसलो. आणि तेव्हा पहिल्यांदा तो आवाज नीट ऐकू आला, को-की, को-की, कुंड्यांमधून, भिंतीच्या फटीतून, सगळीकडून. कोकी म्हणजे तिथला इवलासा बेडूक, आणि आवाज पक्ष्यासारखा. मोबाईलच्या उजेडात शोधला तरी एकही दिसला नाही.

माझ्याकडून पूर्ण मार्क, फक्त खोलीचा घोळ आणि तो हॅमवाला भात सोडून. निघताना एक लक्षात ठेवा, तिथल्या एअरपोर्टवर चेक-इनच्या आधी शेतीखात्याच्या मशीनमधून सगळ्या बॅगा काढाव्या लागतात, फळंबिळं अडवतात. भाजलेली कॉफी आणि आईने घेतलेले गांदुलेसचे चार डबे आरामात सुटले. बॅगेला तो स्टिकर लागल्याशिवाय एअरलाईनच्या लायनीत उभे राहू नका, आम्ही उभे राहिलो आणि अर्धा तास गेला.